टन, टायर, चलान : काही टिपणे

१.
पाओली, इंडियाना राज्य, अमेरिका. २५ डिसेंबर २०१५. गावातला लोखंडी पूल १८८० सालचा, मर्यादा सहा टन. त्यावर बाटलीबंद पाण्याने भरलेला ट्रेलर चढला. नुसतं पाणीच ४३,००० पौंड. पूल ट्रेलरसकट खाली बसला. चालक या कामात नवी होती. तिने पोलिसांना सांगितलं की फलक दिसला होता, पण सहा टन म्हणजे किती पौंड ते ठाऊक नव्हतं. आणि एवढा लांब ट्रेलर मागे घ्यायची भीती वाटत होती. वजनाच्या मर्यादेचं चलान तिच्या नावावर फाटलं.

२.
सहा अमेरिकी टन म्हणजे १२,००० पौंड. तिकडे गाडीच्या कागदांवर पौंड असतात, पुलाच्या फलकावर टन.

३.
आपला मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ११५. रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे गरज भासली तर राज्य सरकार तिथे वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालू शकतं. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढायची आणि कलम ११६ प्रमाणे जागेवर फलक लावायचा. बंदी महिनाभराचीच असेल तर राजपत्र लागत नाही, गावात नीट जाहीर केलं की पुरतं. क्रम स्पष्ट आहे. आधी सांगायचं, मग दंड करायचा.

४.
फलक मात्र बहुतेक ठिकाणी असा : ‘पूल कमकुवत आहे. जड वाहनांस बंदी.’ खाली खात्याचं नाव. आकडा नाही.

जड म्हणजे किती? कायद्यात ज्याचं नोंदणीकृत एकूण वजन १२,००० किलोच्या वर ते जड मालवाहू वाहन. म्हणजे रिकामा दहा टायर ट्रकही जड, आणि दुप्पट भरलेला छोटा टेम्पो मात्र हलका. पूल नोंदणीपुस्तक वाचत नाही. चाकांतून उतरतं तेवढं वजन तो पेलतो.

५.
हायवेलगतचा वजनकाटा. गाडी सावकाश काट्यावर येते. मागचे टायर पूर्ण आत आले की केबिनमधला मुलगा खिडकीतून ओरडतो, “उतरा खाली दोघं!” चालक आणि क्लीनर उतरून बाजूला उभे राहतात. लाल आकडा वीस-वीस किलोने पुढेमागे होतो, मग स्थिरावतो. पावती निघते : भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, गाडी नंबर, तारीख, वेळ. चालक ती बिल्टीच्या घडीत ठेवून वर चढतो.

दोन माणसांचं वजन मालात धरलं जाऊ नये, इतका चोख हा व्यवहार. वाटेत कोणते पूल लागणार आणि ते किती टनांचे, हे मात्र या कागदांत कुठेच नसतं.

६.
कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर : जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. पाच टन जादा असेल तर ३०,०००. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलवायची नाही. दुरुस्तीआधी हाच दंड २,००० आणि टनामागे १,००० होता. कलम ११५ खाली पुलावर घातलेली बंदी मोडली तरी हेच कलम लागतं. वजन करायला नकार दिला, किंवा काट्यावर जायच्या आधी माल उतरवला, तर ४०,०००.

७.
त्याच कलमात तीन माणसं आहेत. गाडी चालवणारा, चालवायला लावणारा, चालवू देणारा. रस्त्यात हात करून थांबवता येतो तो पहिलाच.

८.
ग्रँड फोर्क्स काउंटी, नॉर्थ डकोटा. जुलै २०१९. १९०६ चा पूल, मर्यादा १४ टन. सुक्या घेवड्याच्या दाण्यांनी भरलेला ट्रक सुमारे ४३ टनांचा. पूल मोडला, ट्रेलरचं मागचं टोक काठाला अडकून राहिलं. चालकाला दंड ११,४०० डॉलर. नवा पूल बांधायचा अंदाज आठ ते दहा लाख डॉलर.

दंडाचा आकडा आणि पुलाचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवावेत असे आहेत.

९.
ट्रक तळावरचा एक जुना चालक : “डिझेल, टोल, गाडीचा हप्ता हे सगळं खेपेवर जातं. पैसा येतो तो टनावर. पासिंगएवढाच माल भरला तर मालकाला परवडत नाही, आणि मालकाला परवडलं नाही तर मला गाडी मिळत नाही. मग सांगा दादा, पूल बघू की पोट?”

त्याला उत्तर देता येत नाही, कारण हा हिशोब त्याने मांडलेला नाही. भाडं टनावर ठरतं तेव्हा तो खोलीत नसतो.

१०.
नोव्हेंबर २००५, सर्वोच्च न्यायालय, परमजित भसीन खटला. काही राज्यांत पैसे भरून जादा माल न्यायची सोय झाली होती. कार्ड घ्या, टोकन घ्या आणि पुढे चला. न्यायालयाने सांगितलं की दंड भरला म्हणून जादा माल पुढे नेता येणार नाही. आधी माल उतरला पाहिजे.

दंडाची पावती खिशात आल्याने ट्रक एका किलोने हलका होत नाही. चौकीवरच्या प्रत्येक माणसाला हे कळायला हवं, कारण त्याच्या चौकीपुढे कुठेतरी पूल असतोच.

११.
शीव स्थानकाजवळचा रेल्वेवरचा पूल, १९१२ सालचा. ऑगस्ट २०२४ पासून तो वाहनांना पूर्ण बंद झाला. त्याआधी जड वाहनं अडवायला दोन्ही तोंडांना उंचीच्या लोखंडी कमानी होत्या.

भीती वजनाची आणि अडसर उंचीचा. कारण वजन डोळ्यांना दिसत नाही, उंची दिसते. रात्री दोन वाजता फलकापाशी पोलीस नसतो, कमान असते. मात्र कमानीखालून ठेंगणा आणि गच्च भरलेला टेम्पो सहज जातो, आणि अग्निशमनाची गाडी अडते.

१२.
मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल. जड वाहनांना बंदी : २०१४. पाडला : नोव्हेंबर २०२२. त्या जागी नवा खुला झाला : जुलै २०२५.

१३.
अमेरिकेत व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशायरच्या मधल्या नदीवर १८६६ चा लाकडी छताचा पूल आहे, कॉर्निश–विंडसर. त्याच्या तोंडावर पाटी : घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड.

पळत्या जनावराचा दणका उभ्या जनावराच्या वजनाहून जास्त असतो, हे त्या सुतारांना ठाऊक होतं. आज आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत तेच सूत्ररूपाने आहे. ‘क्लास ए’ भारासाठी काँक्रीटच्या पुलावर ४.५ भागिले (६ + गाळ्याची लांबी मीटरमध्ये) एवढा दणका वाढीव धरायचा. नऊ मीटरच्या गाळ्याला तो येतो ३० टक्के. कमकुवत पुलाआधीची ‘वेग कमी करा’ ही पाटीसुद्धा वजनाचीच पाटी आहे. चालकांना ते कुणी असं सांगत नाही. सांगितलं तर बरेच जण ऐकतील असं मला वाटतं.

१४.
सिल्व्हर ब्रिज, ओहायो नदी. १९२८ मध्ये खुला, १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी कोसळला, ४६ माणसं गेली. साखळीतल्या एका लोखंडी दुव्याला बारीक तडा गेला होता. चलान कुणावर फाडणार? पूल आखला तेव्हा फोर्डची मॉडेल टी मोटार साधारण १,५०० पौंडांची होती. चाळीस वर्षांत मोटारी आणि ट्रक कितीतरी पटीने जड झाले, पूल तोच राहिला. या अपघातानंतर अमेरिकेत देशभर पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली, १९७१ पासून.

१५.
१६ जुलै २०१८. भारत सरकारने ट्रकच्या एक्सलवरची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टनांवरून ११.५. दहा टायर ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५. कारण दिलं होतं की नव्या गाड्या आणि नवे रस्ते एवढं पेलतात, आणि वाहतूक स्वस्त होईल. मोठ्या महामार्गांवरच्या नव्या पुलांसाठी ते पटण्यासारखं आहे.

पण ट्रक महामार्गावर जन्मत नाही आणि तिथेच थांबतही नाही. खाणीतून, शेतातून, गोदामातून निघतो आणि शेवटचे काही किलोमीटर जिल्हा परिषदेच्या रस्त्याने जातो. तिथला पूल १६ जुलैच्या आदल्या दिवशी होता तसाच दुसऱ्या दिवशीही होता.

१६.
एकूण वजन सारखं असूनही एक ट्रक पुलाला जास्त जाचतो, दुसरा कमी. एक्सलमधलं अंतर कमी असेल तर सगळा भार गाळ्याच्या मध्यावर एकदम येतो. अंतर जास्त असेल तर पुढची चाकं पूल सोडतात तेव्हा मागची जेमतेम चढत असतात. अमेरिकेने १९७० च्या दशकात हे कायद्यात घातलं : पाच एक्सलच्या गाडीला ८०,००० पौंड हवे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या एक्सलमध्ये निदान ५१ फूट हवेत.

आपल्याकडे सगळ्यात आखूड आणि सगळ्यात गच्च भरलेली गाडी म्हणजे वाळू-खडीचा हायवा. तो जातो तेही नदीकाठच्या रस्त्यांनीच.

१७.
कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे बसवतात, पाणी अडतं. वरून अरुंद स्लॅब जातो. बांधला पाणी अडवायला, वापर होतो रस्त्याचा, कारण मोठा पूल बरेच किलोमीटर लांब. तोंडाला काँक्रीटचे दोन ठोकळे रोवलेले, मधून मोटारसायकल आणि जीप जाईल एवढीच जागा.

एका बंधाऱ्यावर डाव्या ठोकळ्याची नदीकडची कड पूर्ण झिजलेली, त्यावर ट्रॉलीच्या पत्र्याचा निळा रंग घासलेला. उजवा ठोकळा मुळातून उपटून बाजूच्या घाणेरीत टाकलेला. बरगे बसतात त्याच सुमाराला गळीत हंगाम सुरू होतो.

१८.
ऊस घेऊन आलेली प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, किलोपर्यंत नोंद. शेतकरी काटामारीवर वर्षानुवर्षं भांडत आलेत ते याच आकड्यासाठी, कारण त्यांच्या घामाचा दाम त्यावर ठरतो.

म्हणजे कोणत्या गाडीत किती जादा माल होता, याची नोंद हंगामभर रोज होत असते. रस्त्यावर सापळा लावून शोधायची गरजच नाही. हा कागद बांधकाम खात्याकडे आणि आरटीओकडे रोज गेला पाहिजे.

१९.
मुनस्यारी, पिथौरागढ जिल्हा, उत्तराखंड. २२ जून २०२०. डोंगरातला बेली पूल, क्षमता १८ टन. ट्रकवर पोकलेन लादलेलं, दोन्ही मिळून वजन त्याहून बरंच जास्त. ट्रक मध्यावर गेला आणि पूल दुमडून नाल्यात गेला. दोघे जखमी. चीनच्या सीमेकडे जाणारा रस्ता, म्हणून सीमा सडक संघटनेने आठवड्याच्या आत तिथे नवा पूल उभा केला.

रस्ता महत्त्वाचा ठरला की पूल आठवड्यात होतो.

२०.
मिरपुआ-सुर-तार्न, दक्षिण फ्रान्स. १८ नोव्हेंबर २०१९, सकाळी. १९३१ चा झुलता पूल, मर्यादा १९ टन, फलक जागेवर. जमिनीला भोकं पाडायचं यंत्र घेऊन निघालेला ट्रक ५० टनांच्या वर. पूल नदीत गेला. मागे एका मोटारीत आई आणि पंधरा वर्षांची मुलगी होती. आई वाचली. मुलगी गेली, ट्रकचालकही गेला. तो स्वतःच त्या छोट्या धंद्याचा चालक-मालक होता.

मी चालकाची बाजू घेतो तेव्हा ही मुलगी मला विसरायची नसते. फलक मोडणं हा किरकोळ गुन्हा नाही.

२१.
महाड, सावित्री नदी, २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुराने नेला. दोन एसटी आणि प्रवासी त्याबरोबर गेले. जादा भरलेला ट्रक या गोष्टीत कुठेच नाही.

२२.
कुंडमळा, इंद्रायणी नदी, १५ जून २०२५, रविवार. जुना लोखंडी पूल, धोक्याचा फलक लावलेला. पावसाळी सहलीची गर्दी पुलावर, काही मोटारसायकलीही. पूल कोसळला, चौघे गेले.

गर्दीच्या जागी पादचाऱ्यांचा भार चौरस मीटरला ५०० किलो धरावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम सांगतात. म्हणजे दाटीवाटीने उभी राहिलेली माणसं हासुद्धा जड भारच. त्यांच्यातल्या कुणाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

२३.
गोवा. झुआरीचा जुना पूल थकल्यावर त्यावरून जड वाहनं बंद केली आणि बोरीमच्या पुलावरून वळवली. डिसेंबर २०२२ मध्ये नवा झुआरी खुला होईपर्यंत तो भार बोरीमने सोसला.

एका पुलावर बंदी घातली की वजन नाहीसं होत नाही, शेजारच्या पुलावर जातं. म्हणून बंदीच्या आदेशाला दुसऱ्या पुलाच्या तपासणीचा कागद जोडलेला असावा.

२४.
बहुतेक चालक आता मोबाइलवरचा नकाशा बघून चालतात. तो मोटारीसाठी बनवलेला असतो. जवळचा रस्ता दाखवतो, पुलाची क्षमता दाखवत नाही. युरोप-अमेरिकेत ट्रकसाठी वेगळे नकाशे मिळतात. आधी गाडीचं वजन आणि उंची भरायची, मग नकाशा वाट सांगतो. इथे तसं करायचं तर प्रत्येक पुलाची क्षमता कुठेतरी एका जागी लिहिलेली हवी आणि ती सगळ्यांना बघता यायला हवी.

२५.
कलम ११४. जादा वजनाचा संशय आला तर अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असावा, किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत. वजन जास्त भरलं तर लेखी आदेश : जादा माल चालकाने उतरवायचा, आणि तोही ‘स्वतःच्या जोखमीवर’.

एक ऊसवाला चालक रस्त्याच्या कडेला : “साहेब, उतरवू कुठं? इथं टाकला तर रस्ता बंद, शेतात टाकला तर शेतवाला भांडायला येतो. आणि सकाळपर्यंत वाळला तर वजन घटतं, ते माझ्यावर.” अधिकारी खाली बघून लिहीत राहिला. त्याच्याजवळही जागा नव्हती.

तपासणी करायची तर शेजारी माल उतरवायचा कट्टा हवा, हमाल हवेत, ताडपत्री हवी.

२६.
मला काय हवंय ते साधं आहे. फलकावर आकडा हवा, टनांत, रात्री उजळणारा. तो पुलाच्या तोंडाशी नको, आधीच्या फाट्यावर हवा, जिथून भरलेली गाडी वळू शकते. पुलापाशी पोचलेल्या सोळा टायर गाडीला मागे घ्या म्हणणं म्हणजे मागच्या रांगेला संकटात टाकणं. फलकाखाली दुसऱ्या वाटेचं नाव आणि अंतर हवं. आणि एक तारीख हवी : पूल कधी तपासला, दुरुस्ती कधी होणार.

२७.
कलम ११३, पोटकलम ४. जादा वजनाची गाडी चालवणारा तिचा मालक नसेल, तर तो गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं.

म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना १९८८ मध्ये सगळं माहीत होतं. हे पोटकलम जादा वजनाच्या प्रत्येक चलानाच्या पाठीवर छापायला हवं. मराठीत, हिंदीत, आणि गाडीवर जो बसलाय त्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.